पापलेटचे गोत्र



मी कामगार चळवळीतला माणूस. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. तरी आज माशांच्या कुळांविषयी बोलणार आहे. एका कारखान्यात कायम कामगाराचे नाव चुकून बदली कामगारांच्या पटावर पडले, आणि त्याची ग्रॅच्युइटी मिळवावयास आम्हांला चार वर्षे लागली. नोंद चुकली की काय होते, हे मी तिथे शिकलो.

अलिबागच्या बाजारात पापलेट आणि हलवा शेजारी शेजारी मांडलेले असतात. दोघेही चपटे आणि रुंद. मोठेपणी दोघांच्याही पोटाखाली पर नसतात. ब्लॉख या जर्मन पंडिताने १७९५ साली हलव्याला पापलेटच्या वंशातच घातले. पण रूप सारखे म्हणून कूळ सारखे होत नाही. हलव्याच्या शेपटीजवळ दोन्ही बाजूंना बोट फिरवा. कठीण खवल्यांची रांग हाताला खरखरीत लागेल. ती काटबांगड्याच्या कुळाची खूण.

मग पापलेटचे सगेसोयरे कोण? त्याची खूण घशात आहे. शेवटच्या कल्ल्यामागे स्नायूंच्या दोन पिशव्या असतात आणि त्यांना आतून बारीक दात असतात. अशाच पिशव्या भर समुद्रात प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या काही माशांना आहेत. त्यांतल्या एका वंशाचे नाव प्सेनीस. त्याची पिले तरंगत्या शेवाळाच्या किंवा जेलीफिशच्या आडोशाने वाढतात.

या वंशाची वहीदेखील पुष्कळदा खोडली गेली. फ्रान्सिस डे यांनी १८७१ साली मद्रासचा एक मासा क्युबिसेप्स या वंशात नोंदला. पुढे तो प्सेनीसमध्ये गेला. आज तो आरिओम्मा वंशात आहे. पाठीवर दोन वेगळे पर, शेपटीच्या बुंध्यावर दोन्ही बाजूंना दोन दोन बुटक्या कडा, ही त्याची ओळख. हेड्रिच यांनी १९६७ साली या साऱ्या गोतावळ्याची फेरमांडणी केली तेव्हा आरिओम्माला स्वतंत्र कुल दिले. पुढे २०१३ साली जनुकांच्या तपासणीत हा गोतावळा बांगडा आणि कुपा यांच्या मोठ्या घराण्यात जाऊन बसला. हलवा मात्र त्या घराण्याबाहेरच राहिला.

यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा ठरवले. त्याचे शास्त्रीय नाव आपण चीनकडच्या माशावरून १७८८ साली दिलेले लावत आलो. परंतु अलीकडच्या भारतीय संशोधनाने आपले पापलेट ही वेगळी जात असल्याचे दाखविले आहे. दोन खात्यांची हजेरी एकाच पटावर लावली, तर एका खात्यातली गळती दिसत नाही. किती लांबीपर्यंतचे पिलू पकडू नये, ते अंडी केव्हा घालते, हे नियम ज्या त्या जातीच्या अभ्यासावरच उभे राहतात. परक्या जातीचे आकडे लावून केलेला नियम आपल्या दर्यावर लागू पडेलच असे नाही. आणि चुकला तर त्याची किंमत पंडित मोजत नाहीत, कोळीवाडा मोजतो.

म्हणून सांगतो, नाव बरोबर लिहिणे हा पंडितांचा शौक नव्हे. हक्काची सुरुवात नोंदीपासून होते, माणसाच्या आणि माशाच्याही.