पहिला भोपळा किती किलोचा?

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला भोपळा म्हटलं की आधी एम-थ्रीची उत्तरपत्रिका आठवते! पण मित्रांनो, या लेखातला भोपळा खराखुरा आहे, वेलीवर लागणारा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे सिंड्रेलाची बग्गी झालेला भोपळा मला आधी भेटला आणि लेकीकडे निघालेल्या म्हातारीचा भोपळा नंतर, आजीकडून. दोन्ही गोष्टींत माणूस आत बसेल एवढा भोपळा आहे. असे भोपळे खरोखर होतात. प्रश्न एवढाच, की पहिल्यांदाच वेल लावणाऱ्याने टार्गेट किती किलोचं ठेवावं?

आधी रेकॉर्ड बघू. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात कॅनडाच्या विल्यम वॉर्नॉक यांचा ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोंचा भोपळा होता. तो विक्रम मोडायला सत्तरएक वर्षं लागली. मग कॅनडातल्याच नोव्हा स्कॉशियाचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी निवडून निवडून 'अटलांटिक जायंट' हे वाण तयार केलं आणि १९८१ साली ४९३.५ पौंडांचा भोपळा काढला. १९९६ साली हजार पौंडांचा टप्पा ओलांडला गेला, २०१२ साली दोन हजारांचा. २०२५ साली इंग्लंडच्या इयान आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांचा भोपळा सुमारे १२७८ किलो भरला. मारुती ८०० गाडीपेक्षा जास्त! पण बातमीतली खरी गोष्ट वेगळीच आहे. हे भाऊ शाळकरी वयापासून, जवळजवळ पन्नास वर्षं भोपळे लावत आहेत. आपण त्यांचं पन्नासावं वर्ष बघतो आणि आपल्या पहिल्या वर्षाशी तुलना करतो. फर्स्ट इयरच्या मुलाने गेट टॉपरचा स्कोअर भिंतीवर चिकटवावा, तसंच हे.

वेल म्हणजे कारखाना

भोपळ्याचं वजन तीन गोष्टींवर ठरतं: पानं किती, ऊन किती तास, आणि फळ वेलीवर किती दिवस. पानं म्हणजे सोलर पॅनेल. तिथे साखर तयार होते आणि देठातून फळात जाते. रेकॉर्डवाले एका वेलीला हजार चौरस फुटांच्या आसपास जागा देतात, वेलीवर एकच फळ ठेवतात आणि फांद्यांची पेरं मातीत दाबतात, म्हणजे तिथेही मुळं फुटतात. भरात असताना असं फळ दिवसाला १५-२० किलोंनी वाढतं. जूनमधला सर्वांत मोठा दिवस दक्षिण इंग्लंडमध्ये सुमारे साडेसोळा तासांचा असतो, पुण्यात सव्वातेरा तासांचा. शिवाय आपल्याकडे त्याच सुमाराला आभाळ भरून येतं. म्हणजे त्यांचंच बी, त्यांचंच खत आणलं तरी आपला कारखाना कमी शिफ्टमध्ये चालणार. हे रडगाणं नाही, हा इनपुट डेटा आहे.

आता आमचा डेटा. आम्ही नारायण पेठेत राहतो, केसरीवाड्यापासून पाच मिनिटांवर. वाडा जुना, मागे १० बाय १२ फुटांचा परस, तिन्ही बाजूंनी चार-चार मजले उठलेले. मे महिन्यात चार दिवस वहीत वेळा लिहून काढल्या तेव्हा थेट ऊन फक्त साडेचार तास भरलं. गच्चीवर लावू, असं मित्रांनी सुचवलं. पण एक फूट जाडीची ओली माती चौरस मीटरला पाचशे किलोंच्या वर जाते. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात वावराच्या गच्चीसाठी १.५ किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो लाइव्ह लोड धरतात, तोही नव्या स्लॅबसाठी. आमच्याकडे लाकडी तुळया आहेत. सिव्हिलवाले समजून गेले असतील!

आणखी एक अट होती. वाडा डेव्हलपरला दिला आहे. पुढच्या पावसाळ्यात परस नसेल. 'यंदा दहा किलो, पुढच्या वर्षी वीस' असा प्लॅन मला करताच येणार नव्हता. एकच सीझन, शेवटचा.

मोठा म्हणजे कशासाठी मोठा?

टार्गेट ठरवण्याआधी हा प्रश्न विचारायला मला मिरजेच्या तंबोऱ्यांनी शिकवलं. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झालेल्या तिथल्या वाद्यनिर्मितीतल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. त्यासाठीचे अवाढव्य भोपळे सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या बाजूला पिकवतात. ते आपल्या लाल भोपळ्याचे नाहीत, दुधीचे भाऊबंद. तिथे काट्यावरच्या वजनाला किंमत नाही. गोल आकार, जाड टणक साल आणि टेपने मोजलेला परीघ यांना आहे. पुरुषी तंबोऱ्याला मोठा घेर लागतो, बायकी तंबोऱ्याला लहान. म्हणजे 'मोठा' हा शब्द एकटा उपयोगाचा नाही, कोणत्या मापात आणि कशासाठी, हे सांगावं लागतं.

आजीचं मत याहून स्पष्ट होतं. "वजनाचं काय घेऊन बसलायस? बी भरलेलं पाहिजे. परस गेलं तरी बी डब्यात राहतं."

मग जूनमध्ये मी कालनिर्णयच्या मागे तीन उद्दिष्टं लिहिली. पहिलं, एक तरी फळ वेलीवर पूर्ण पिकवायचं आणि त्याचं बी धरायचं. दुसरं, दर रविवारी टेपने मोजून वहीत नोंद करायची. तिसरं, दहा किलो. वजन मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण पाऊस आणि ऊन माझ्या हातात नाही, वही आहे.

हातात काय काय असतं?

नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या खाली सुपारीएवढा भोपळा आधीच असतो. फुलं पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात, त्यामुळे परागीभवन सकाळीच हाताने करावं: नर फुलाच्या पाकळ्या काढायच्या आणि केसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. जोराचा पाऊस आणि परागीभवन यांचं विळ्याभोपळ्याचं नातं! आमची पहिली दोन फळं पावसात सडून गळली, तिसरं धरलं. बी हवं असेल तर फुलाला आदल्या संध्याकाळपासून कापडी पिशवी बांधावी, म्हणजे दुसऱ्या जातीचे पराग येत नाहीत. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा सापळा लावावा. पाणी मुळाशी द्यावं, पानांवर नाही. फळाखाली फळी किंवा कोरडा पेंढा ठेवावा. दुसरं फळ काढून टाकायची घाई करू नये, पहिलं नीट वाढायला लागेपर्यंत ते राखीव असू द्यावं.

टेपचा फायदा म्हणजे वजनाचा अंदाज वेलीवरच येतो. आकार तसाच राहिला तर वजन घेराच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. घेर १० टक्के वाढला की वजन सुमारे ३३ टक्के. रेकॉर्डवालेही तीन बाजूंनी टेप लावतात, बेरीज करतात आणि तक्त्यात वजन बघतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात साल नखाने दबेना आणि देठ वाळला, तेव्हा भोपळा काढला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ८ किलो ६०० ग्रॅम. म्हणजे तिसरं उद्दिष्ट हुकलं, पण वहीतल्या सोळा नोंदींमुळे का हुकलं ते मला सांगता येतं: सप्टेंबरचे दोन आठवडे ढगाळ होते आणि घेर जवळजवळ थांबला होता. पहिली दोन पुरी झाली. गर घारग्यांत गेला, दोनशे बारा भरलेल्या बिया राखेत घोळून डब्यात गेल्या.

हॉस्टेलवाल्यांनो, मेसच्या मागच्या मोकळ्या जागेत ऊन आमच्या परसापेक्षा नक्कीच जास्त आहे. पण जानेवारीत लावलंत तर फळ मे महिन्यात येईल, तेव्हा हॉस्टेल रिकामं. जूनमध्ये लावा, म्हणजे ऐन सबमिशनमध्ये भोपळा पिकेल, आणि पिकणाऱ्या भोपळ्याला तुमची फारशी गरज नसते! माळीकाकांना आधी विचारा. चार दिवस उन्हाचे तास मोजा, जागा मोजा आणि मगच किलोंचा आकडा लिहा. आकडा माझ्यापेक्षा मोठा आला तर आनंदच आहे. बिया माझ्याकडे आहेत. प्रत्येकाला पाच मिळतील, अट एकच: वही ठेवायची आणि पुढच्या वर्षी पाच बिया परत करायच्या.