दाणा हवेत असताना

शहाणी यंत्रे : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण जन्मभर एकच काम करणारी यंत्रे पाहिली. बाटलीला बूच बसवणारे यंत्र बूचच बसवते, आणि बाटलीचा आकार बदलला की त्याचे भाग सोडवून पुन्हा जुळवावे लागतात. आज त्याच्या पुढची पायरी घेऊ. काम बदलले तरी थोड्या फेरफाराने चालत राहणाऱ्या यंत्रणेला अभियंते ‘लवचीक स्वयंचलन’ म्हणतात. ही कल्पना पाहायला लातूरच्या डाळ मिलपेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

आधी मिलचे काम समजून घेऊ. तुरीची साल आतल्या डाळीला डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेली असते. म्हणून तूर चाळून, खडा-माती काढून, आकाराप्रमाणे वेगळी केली, की ती एमरीच्या रोलवरून जाते. तिथे सालीवर ओरखडे पडतात. मग तेलाचा हात लागतो, माल मुरतो, पाणी मारले जाते, उन्हात वाळवणी होते, आणि तेव्हा कुठे साल सुटते. दाण्यात डाळीचा भाग वजनाने सुमारे ८५ टक्के असतो, पण साध्या मिलमध्ये हाती येते ती ७० ते ७५ टक्के. उरलेली डाळ तुकडा, भुगा आणि चुनी होऊन जाते. या दहा-पंधरा टक्क्यांवर मिलचा नफा-तोटा ठरतो.

त्यातही येणारा माल एकसारखा नसतो. बीडीएन ७११ ही पांढरी तूर, बीएसएमआर ७३६ ही लाल तूर. दोन्ही वाण बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे, पण रंग वेगळे. पावसात सापडलेली तूर काळवंडते, कोरडवाहू रानातली बारीक राहते. तुरीचा हंगाम ओसरला की त्याच मिलमध्ये हरभरा येतो, कुठे मूग, कुठे उडीद. एकाच मालासाठी बांधलेले यंत्र इथे वर्षातले निम्मे महिने झाकून ठेवावे लागेल.

ही अडचण डाळ मिलचीच होती असे नाही. १९६० च्या दशकात लंडनमध्ये मोलिन्स या सिगारेटची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत थिओ विल्यमसन या अभियंत्याने ‘सिस्टीम २४’ नावाची रचना मांडली. अनेक यंत्रे संगणकाने जोडायची, वेगवेगळे सुटे भाग त्यांच्याकडे आपोआप पोचवायचे आणि चोवीस तास काम चालू ठेवायचे, असा तो विचार होता. यंत्राचा सांगाडा तोच ठेवून त्याला दिलेली आज्ञावली बदलायची, हे लवचीक उत्पादनाचे मूळ सूत्र तिथे स्पष्ट झाले. आज मिलमधल्या पडद्यावर ‘तूर’च्या जागी ‘हरभरा’ निवडला जातो, तेव्हा तेच सूत्र वापरात असते.

तो पडदा असतो सॉर्टेक्सवर. हे खरे तर एका कंपनीचे नाव, पण आपल्याकडे रंगावरून धान्य निवडणाऱ्या कुठल्याही यंत्राला सॉर्टेक्सच म्हणतात. पिशवीवर ‘सॉर्टेक्स क्लीन’ छापलेले आपण वाचतो, ते याच अर्थाने. तयार डाळ वरच्या हॉपरमधून थरथरत्या पट्टीवर येते, तिरक्या पन्हाळीतून घसरते आणि पडद्यासारखी पातळ होऊन खाली पडते. पुढून आणि मागून कॅमेरे तिच्याकडे पाहत असतात. दाणा खराब दिसला की खालची बारीक नळी दाबाखालच्या हवेची एक फुंकर मारते आणि तो दाणा वेगळ्या पेटीत उडतो.

हे किती वेगाने घडते याचा हिशेब करून पाहू. तुरीचे शंभर दाणे साधारण १० ग्रॅम भरतात. म्हणजे किलोत दहा हजार दाणे. साल काढून दोन फोडी झाल्या की किलोभर डाळीत वीस हजारांहून जास्त फोडी येतात. तासाला एक टन डाळ निवडायची तर दोन कोटींवर फोडी तपासायच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे सहा हजार. फोडीचा वेग सेकंदाला चार मीटर आणि कॅमेऱ्यापासून नळीपर्यंतचे अंतर १० सेंटिमीटर धरले, तर निर्णयाला मिळतात २५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग. पाहणे, ठरवणे आणि फुंकर मारणे, सगळे दाणा हवेत असतानाच उरकावे लागते.

पूर्वी हा निर्णय रंगाच्या मर्यादेवर होत असे. यापेक्षा काळे दिसले की बाहेर, इतका साधा नियम. ती मर्यादा ऑपरेटर ठरवायचा. ती कडक केली तर फुंकरीसरशी चांगल्या फोडीही उडून जातात, सैल केली तर डागी डाळ पिशवीत उतरते. म्हणून बाहेर पडलेला माल पुन्हा एकदा यंत्रातून काढतात. ‘फटका’ आणि ‘सवा नंबर’ या डाळीच्या प्रतींच्या भावातला फरक या निवडीशी जोडलेला आहे. शिवाय डाळीच्याच रंगाचा खडा साध्या कॅमेऱ्याला ओळखू येत नाही. त्यासाठी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात, कारण दगड आणि डाळ तो वेगवेगळ्या प्रकारे शोषतात.

गेल्या दहा-बारा वर्षांतले संशोधन इथून पुढचे आहे. नियम माणसाने लिहून देण्याऐवजी हजारो छायाचित्रे दाखवून यंत्राला तो शोधू द्यायचा, ही त्याची दिशा. रंगासोबत आकार, कडा, पृष्ठभागाचा पोतही यंत्र हिशेबात घेऊ लागते. पण त्यातही अडचण आहे. चांगल्या डाळीची छायाचित्रे हवी तेवढी मिळतात, खराबीची मात्र थोडी, आणि उद्या कुठली नवी खराबी येईल ते आज माहीत नसते. यावर संशोधकांनी काढलेला मार्ग मला फार आवडतो. यंत्राला फक्त चांगला माल दाखवायचा. त्याची ओळख पक्की झाली की जे त्याच्याशी जुळत नाही ते आपोआप खटकते. सासूबाई सुनेला खडा कसा दिसतो ते शिकवत नाहीत. तांदळाची सवय झालेल्या नजरेला खडा आपणच टोचतो.

अशा पद्धती पारखायला म्युनिकच्या एमव्हीटेक कंपनीने २०१९ मध्ये पाच हजारांहून अधिक छायाचित्रांचा एक संच जाहीर केला. त्यात शिकवण्यासाठी दिलेली छायाचित्रे फक्त निर्दोष वस्तूंची आहेत. पंधरा प्रकार आहेत : बाटली, स्क्रू, गालिचा, औषधाची गोळी. हेझलनटही आहे. तूर नाही.

माझ्या मते मराठवाड्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या दोन शब्दांत आहे. शिकणारे यंत्र जे पाहते तेच शिकते. आपला माल त्याला दुसरे कोणी दाखवणार नाही, आणि परदेशी सुक्या मेव्यावर तयार झालेली नजर औशाच्या किंवा कंधारच्या तुरीवर चुकेल.

दाखवण्याचे ज्ञान आपल्याकडे भरपूर आहे. जे काम आज सॉर्टेक्स करते, ते पूर्वी मिलमध्ये ओळीने बसलेल्या बायका करीत. त्यांच्या बोलीत प्रत्येक खराबीला नाव आहे. साल राहिलेली ती सालकट, न फुटलेला तो गोटा, मग डागी, किडकी, तुकडा, चुरी. संशोधक छायाचित्रावर ज्या चिठ्ठ्या लावतात, त्या म्हणजे हीच नावे. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याला डाग आणि कीड यांतला फरक शिकायला महिने लागतील. सूप हातात धरून आयुष्य गेलेल्या बाईला तो एका नजरेत कळतो. यंत्रामुळे ज्यांची निवडणीची मजुरी गेली, त्यांना यंत्राची शिक्षिका म्हणून योग्य मोबदला देऊन बोलावणे हे न्यायाचे आहे आणि शास्त्राच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

दुसरी बाजूही जवळच आहे. नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१ पासून उभी आहे. तिथे उत्पादन अभियांत्रिकी आहे, वस्त्रतंत्रज्ञान आहे, आणि प्रतिमाप्रक्रियेवरचे संशोधन ही तर संस्थेची ओळख आहे. निजामकाळातल्या उस्मानशाही मिलच्या या शहरात कापडातला तुटका धागा माणसाच्या डोळ्यांनी पकडला जायचा. तो कॅमेऱ्याने पकडणे आणि डाळीतला डाग पकडणे, हे एकाच गणिताचे दोन उपयोग आहेत. लातूरच्या मिलने दर हंगामात प्रत्येक वाणाचा थोडा माल द्यावा, निवडणाऱ्या बायकांनी नावे लावावीत, नांदेडच्या विद्यार्थ्यांनी त्यावर नमुने घडवावेत. वर्षाचा प्रकल्प म्हणून सुरुवातीला इतके पुरेसे आहे, आणि त्याला कुठलेही महागडे यंत्र लागत नाही.

हा अनुभव डाळीपुरता राहणार नाही. लातूरजवळच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यातून २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. पुढे २०२३ मध्ये वंदे भारत शयनयान गाड्यांच्या १९२० डब्यांचा करार झाला, तो याच कारखान्याच्या भरवशावर. डब्याच्या बांधणीतही प्रश्न ओळखीचाच असतो. वेल्डिंग करायची फट आराखड्यात जिथे असते तिथे प्रत्यक्षात नेमकी नसते, कारण पत्रा तापला की हलतो. म्हणून नव्या वेल्डिंग रोबोंना लेसरच्या नजरेने फट शोधत, हात सावरत पुढे जायला शिकवतात. येणारा माल सारखा नसतो हे मान्य करून त्याप्रमाणे वागणे, हीच लवचीकता. डाळ मिलचा मिस्त्री तेच तर करतो. आभाळ पाहून वाळवण वाढवतो, दाणा दाताखाली धरून मुरला की नाही ते सांगतो.

ते दाताखालचे ज्ञान अजून कुठल्याही कॅमेऱ्याला आलेले नाही. ते लिहून घ्यायची घाई मात्र आपण करायला हवी, कारण जाणती माणसे आता साठी ओलांडत आहेत. सॉर्टेक्स नवे घेता येईल. किडकी कुठली आणि डागी कुठली, हे बिनचूक सांगणारी नजर एकदा गेली की ती बाजारात विकत मिळत नाही.

पुढच्या आठवड्यात : रोलचे बेअरिंग बिघडण्याआधी त्याच्या आवाजात काय बदलते, आणि ते यंत्राला ऐकायला कसे शिकवतात.