धम्मसहल ठरवताना : बस, रेल्वे की दोन्ही?

धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की वस्त्यांमधल्या विहारांत बोधगया-सारनाथ सहलीची चर्चा सुरू होते. नाव नोंदवणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या आया-आज्याच जास्त असतात. धुणीभांडी करून, भिशीत पैसे साठवून त्या आयुष्यात एकदा निघालेल्या असतात. आपण कार्यकर्ते मात्र एकच प्रश्न विचारतो : माणशी किती? आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. गाडी रोज किती तास चालणार आणि चालवणार कोण?

हिशेब करून पाहू. नागपूरहून जबलपूर-रीवामार्गे सारनाथ सातशे किलोमीटरहून अधिक. तिथून बोधगया सुमारे अडीचशे. पुढे राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती करून परत यायचे तर एकूण अंतर अडीच हजारांच्या वर जाते. कायद्यानुसार चालकाचे काम दिवसाला आठ तासांचे. ताशी सरासरी ५० किलोमीटर धरले तर दिवसाला ४००. म्हणजे नुसत्या रस्त्यावरच सहा-सात दिवस जातात. 'आठ दिवसांत सर्व स्थळे' दाखवणारी बस हा हिशेब रात्री गाडी हाकून जुळवते.

आता पर्याय पाहू.

बस : दारातून निघते, सामान चढवा-उतरवायची कटकट नाही, सोबत स्वयंपाकी नेता येतो. पण सलग बसून वृद्धांचे पाय सुजतात, स्वच्छतागृहासाठी महिलांचे हाल होतात.

पर्यटन रेल्वे : आयआरसीटीसीची महापरिनिर्वाण एक्स्प्रेस सोयीची आहे. पण ती दिल्लीहून सुटते आणि तिचे भाडे वस्तीतल्या कुटुंबाला झेपणारे नाही.

रेल्वे आणि स्थानिक गाडी : आम्हाला हाच मार्ग योग्य वाटतो. कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्स्प्रेस ही साप्ताहिक गाडी नागपूरमार्गे गयेला जाते. गयेहून बोधगया जवळच आहे. लांबचा पल्ला झोपून पार पडतो आणि तिथली गाडी फक्त स्थळांपुरती लागते. ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तरी स्लीपरचे तिकीट परवडते. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, म्हणून यादी त्याआधी पक्की करावी.

तरीही बसच ठरली, तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी इतके पाहाच :

- पर्यटक परवाना, विमा आणि फिटनेस प्रमाणपत्राची मुदत. खासगी नंबरची गाडी भाड्याने घेऊ नका. अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडकते.
- दोन चालक, आणि रात्री दहानंतर गाडी उभी. दोन्ही गोष्टी लेखी घ्या.
- भाड्यात टोल, राज्यांचा कर, चालकाचा भत्ता धरला आहे का? दररोजचे किमान किलोमीटर किती लावणार?

लुंबिनी नेपाळमध्ये आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण प्रौढांनी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवावा. भारतीय गाडीला सीमेवर भन्सार, म्हणजे जकातीची परवानगी, काढावी लागते. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुके असते. रस्त्याने जायचे तर फेब्रुवारी बरा.

दिवस कमी असतील तर स्थळे कमी करा. सारनाथ, बोधगया, राजगीर, नालंदा एवढेच केले तरी चालेल. महाबोधी विहारात आजीला तासभर शांत बसता आले पाहिजे. गाडी सुटेल म्हणून तिला तिथून धावत यावे लागत असेल, तर ती सहल कुणासाठी काढली, हे आपणच आपल्याला विचारावे.