उपचारपालन व चिकित्सक-रुग्णसंवाद

चिकित्सकाने सांगितलेले औषध, पथ्य व तपासण्या रुग्णाने ठरलेल्या प्रमाणात व मुदतीपर्यंत चालू ठेवणे, यास उपचारपालन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ मधील अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन विकारांच्या रुग्णांत त्याचे प्रमाण सरासरी सु. ५०% आढळते. दारिद्र्य, दवाखान्याचे अंतर व औषधांचे दुष्परिणाम ही खंड पडण्याची प्रमुख कारणे होत. त्यांखेरीज चिकित्सकाच्या बोलण्याचाही उपचारपालनावर परिणाम होतो.

बार्बरा कॉर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस अँजेल्स येथील बालरुग्णालयातील ८०० भेटींचा अभ्यास करून १९६८-६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या मातांच्या चिंतेची दखल घेतली गेली नाही, त्या असमाधानी राहिल्या व त्यांच्याकडून सूचनांचे पालनही कमी झाले. १०६ अभ्यासांच्या २००९ मधील एकत्रित विश्लेषणात, संवादात उणे असलेल्या चिकित्सकांच्या रुग्णांत उपचार न पाळण्याचा धोका १९ टक्क्यांनी अधिक दिसून आला.

क्षयरोगाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष गंभीर ठरतो. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या व १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाट वस्तीतील गरीब रुग्णांनी घरी राहून घेतलेले उपचार आरोग्यधामातील उपचारांइतकेच जवळजवळ गुणकारी ठरले. त्यामुळे नियमित औषधसेवनास निर्णायक महत्त्व आले. परंतु काही आठवड्यांतच ताप व खोकला कमी होतो, भूक वाढते आणि आपण बरे झालो असे रुग्णास वाटते. प्रत्यक्षात जंतू शरीरात शिल्लक असतात. औषध मध्येच सोडल्यास रोग उलटतो व अनियमित सेवनाने औषधास न जुमानणारे जंतू प्रबळ होऊ शकतात. सामान्यतः किमान सहा महिने उपचार का घ्यावयाचे, हे म्हणूनच आरंभीच सांगणे अगत्याचे असते. रिफॅम्पिसिनामुळे लघवी नारिंगी होते. ही निरुपद्रवी बाब आधी न सांगितल्यास घाबरून रुग्ण गोळ्या बंद करण्याचा संभव असतो.

सूचना थोड्या, सोप्या व रुग्णाच्या बोलीत असाव्यात. ‘समजले ना?’ या प्रश्नास संकोचाने होकारच मिळतो. त्याऐवजी औषध कसे घेणार, हे रुग्णाकडूनच वदवून घ्यावे. खंड पडलेल्या रुग्णास रागावल्यास पुढे तो चुका लपवितो किंवा येण्याचेच टाळतो. म्हणून खंडाचे कारण विचारणे हा उपचाराचाच भाग होय.