अमेरिकेतले घर ओळखायचे कसे?

अमेरिकेतली घरे त्यांच्या शैलीवरून ओळखायला शिकवणारी मार्गदर्शक पुस्तके हा तिथल्या वास्तुविषयक लेखनाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. रस्त्यावर उभे राहून समोरच्या घराच्या छपराच्या, दाराच्या, खिडक्यांच्या खुणा टिपायच्या आणि त्यावरून त्याची शैली व साधारण काळ ठरवायचा, ही या पुस्तकांची रीत. रॉजर टोरी पीटरसन यांच्या १९३४ सालच्या पुस्तकाने अमेरिकेतल्या हौशी लोकांना मोजक्या खुणांवरून पक्षी ओळखायला शिकवले होते. घरांची पुस्तके त्याच वळणाची आहेत.

पण त्यांची गरज निर्माण झाली ती पाडापाडीतून. न्यूयॉर्कमध्ये १९१० साली उभे राहिलेले पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतले गेले आणि जुन्या इमारतींविषयी देशभर हळहळ सुरू झाली. १९६६ मध्ये केंद्रीय जतन कायदा आला, ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. नोंद करायची तर इमारतीचे वर्णन हवे, वर्णनाला शैलीचे नाव हवे. हे काम करणाऱ्यांत गावोगावचे स्वयंसेवकही होते, आणि त्यांना हाताशी धरता येईल असे काही हवे होते. मार्कस व्हिफेन यांचे १७८० नंतरच्या शैलींवरचे पुस्तक १९६९ मध्ये आले. १९७७ मध्ये जॉन ब्लूमेन्सन यांनी छायाचित्रांवर बारीक खुणा दाखवणारे छोटे पुस्तक काढले.

या सगळ्यांत उजवे ठरले ते व्हर्जिनिया आणि ली मॅकॲलेस्टर यांचे ‘अ फील्ड गाइड टु अमेरिकन हाउसेस’ (१९८४). व्हर्जिनिया डॅलस शहरात जुन्या वस्त्या वाचवण्याच्या कामात होत्या, ली भूशास्त्रज्ञ. पुस्तकाच्या मांडणीत शास्त्राची शिस्त दिसते. प्रत्येक शैलीसाठी क्रम तोच: ओळखीच्या खुणा, उपप्रकार, बारकावे, ती कुठे आढळते, आणि शेवटी तिचा इतिहास. उपप्रकार बहुधा छपराच्या आकारावरून पाडलेले आहेत, कारण छप्पर दुरून दिसते आणि सहसा बदलले जात नाही. शिवाय ही मंडळी राजवाड्यांवर रेंगाळत नाहीत. साध्या माणसाच्या साध्या घरालाही त्यांनी पूर्ण पान दिले, हे या पुस्तकाचे सर्वांत मोठे काम.

ही पद्धत किती बारीक चालते हे दारावरून कळते. अठराव्या शतकातल्या जॉर्जियन घराचे दार मधोमध, दोन्ही बाजूंना भिंतीत अर्धे रुतलेले चपटे खांब, वर नक्षीदार शीर्ष आणि फार तर लहान चौकोनी काचांची एक ओळ. १७८० नंतरच्या फेडरल शैलीत त्याच जागी पंख्याच्या आकाराचे अर्धगोल किंवा लंबगोल तावदान येते. १८२५ च्या सुमारास ग्रीक धाटणी आली तशी ही गोलाई गेली. दाराच्या वर आणि बाजूंना काचांच्या सरळ पट्ट्या, भोवती जाड, भारदस्त चौकट. घराचा दर्शनी भाग जवळजवळ तसाच, पण दार पाहून पन्नास-साठ वर्षांचा फरक सांगता येतो.

खिडकीचे गणितही असेच. वर-खाली सरकणाऱ्या जॉर्जियन खिडकीच्या प्रत्येक झडपेत नऊ किंवा बारा लहान काचा असत. मोठी काच बनवणे सोपे होत गेले तशी ही संख्या सहावर, मग दोनवर आणि शेवटी एकवर आली. मात्र १८८० नंतर जुन्या वसाहतकालीन घरांची आवड परत आली आणि त्या धर्तीवर हजारो नवी घरे उठली. कलोनियल रिव्हायव्हल म्हणतात ती हीच, आणि नवखा माणूस सर्वाधिक फसतो तो इथेच. खूण साधी आहे: दोन खिडक्या एकमेकींना चिकटून जोडीने बसवल्या असतील, किंवा वरच्या झडपेत अनेक काचा आणि खालच्या झडपेत एकच असेल, तर ते घर मूळ अठराव्या शतकातले नव्हे.

बाकीच्या काही शैली त्या मानाने सोप्या. रुंद वळचणीखाली ब्रॅकेटांची, म्हणजे आधाराच्या कोरीव तुकड्यांची, रांग आणि उंच, अरुंद खिडक्या म्हणजे इटालियनेट; तशाच अंगाच्या घरावर दोन उतारांचे मॅन्सार्ड छप्पर असले की सेकंड एम्पायर. कोपऱ्यात बुरूज, भिंतीवर नक्षीदार लाकडी शिंगल, म्हणजे एकावर एक चढवलेल्या पातळ पट्ट्या, आणि कुठेच समतोल नाही, ते क्वीन ॲन. उघडे दिसणारे वासे आणि वर निमुळते होत जाणारे खांब क्राफ्ट्समन शैलीचे.

या शैली सर्वदूर पोचवल्या त्या वास्तुविशारदांपेक्षा छापील नमुन्यांनी आणि रेल्वेने. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यांची १८४२ आणि १८५० ची पुस्तके पाहून सुतारांनी गॉथिक धाटणीची घरे बांधली. सिअर्स कंपनीने तर १९०८ ते १९४० या काळात सबंध घर कॅटलॉगमधून विकले. कापलेले लाकूड मालगाडीने येई.

शैलींच्या नावांवर मात्र फार विसंबू नये. स्टिक आणि शिंगल या एकोणिसाव्या शतकातल्या शैलींची नावे इतिहासकार व्हिन्सेंट स्कली यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला रूढ केली. ती घरे बांधणाऱ्यांना ही नावे ठाऊक नव्हती. शिवाय १८५० च्या घराला १९०० चा व्हरांडा लागलेला असतो, तेव्हा एक नाव पुरत नाही. न्यू ऑर्लीन्समधले एकामागे एक खोल्यांचे अरुंद शॉटगन घर तर शैलीपेक्षा आराखड्यावरून ओळखावे लागते. बाजारपेठेतल्या इमारतींबाबत रिचर्ड लाँगस्ट्रेथ यांनी १९८७ मध्ये शैली बाजूला ठेवून दर्शनी भागाच्या रचनेवरून वर्गीकरण केले, आणि दुकानांच्या रस्त्यावर तेच अधिक उपयोगी पडते.

राष्ट्रीय नोंदवहीत सहसा पन्नास वर्षांपूर्वीच्या वास्तूच घेतल्या जातात. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतरची बैठी रँच आणि अर्ध्या-अर्ध्या मजल्यांची स्प्लिट-लेव्हल घरेही आता ‘जुनी’ ठरली आहेत. व्हर्जिनिया मॅकॲलेस्टर यांनी २०१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांना सविस्तर जागा दिली आणि वस्त्यांच्या रचनेवर नवे प्रकरण घातले. न्यू जर्सीसारख्या राज्यात उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आपल्या आसपासची घरे या आवृत्तीत सापडतील. एकच पुस्तक घ्यायचे तर हेच घ्यावे. आठशेहून अधिक पानांचा ठोकळा बरोबर नेणे अवघड आहे, तेव्हा आधी घराचे छप्पर, दार आणि खिडक्या नीट पाहून टिपून घ्याव्यात आणि मगच पान उघडावे.