साथीचे भय आणि रोगवाचक वाक्यरचना

साथीच्या रोगाबरोबर समाजात भयही पसरते. ह्या भयाची दोन अंगे असतात. आपणांस रोग होईल, हे पहिले. आणि रोग झाल्यास लोक आपली गणना कशात करतील, हे दुसरे. पहिल्याचा परिहार मुख्यतः वैद्यकाने करावयाचा असतो. दुसऱ्याचा संबंध मात्र भाषेशी येतो.

कोविड-१९च्या साथीत, मार्च २०२०मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक स्वास्थ्याविषयी काही सूचना प्रसृत केल्या. चिंता वाढविणाऱ्या बातम्या सतत पाहू नयेत, दिवसातून एकदा-दोनदा ठराविक वेळी विश्वसनीय माहिती घ्यावी, आप्तेष्टांशी संपर्क राखावा, असे तीत सांगितले होते. त्यांतच एक सूचना भाषेविषयी होती : रोग्यांना 'बळी' किंवा 'कोविडच्या केसेस' न म्हणता 'कोविड झालेली माणसे' म्हणावे, कारण बरे झाल्यावर त्यांचा संसार आणि कामधंदा पुढे चालावयाचाच असतो.

ही सूचना मराठीच्या प्रकृतीस परकी नाही. 'त्याला ताप आला', 'मुलीला गोवर आला', 'मुलाला देवी आल्या' ह्या वाक्यांत रोग हा कर्ता असून माणूस चतुर्थीत आहे. रोग येणारा आहे. म्हणूनच तो जाणाराही आहे. 'ताप उतरला', 'खोकला गेला' हे प्रयोग त्याच कल्पनेचे उत्तरार्ध होत. येथे माणसाची ओळख रोगाने बदलत नाही.

ह्याउलट 'महारोगी' हा शब्द पाहावा. त्यात रोग आणि माणूस एकरूप झाले आहेत. औषधोपचाराने रोग समूळ गेला तरी हे नाव माणसास चिकटून राहिले, आणि नावाबरोबर बहिष्कारही राहिला.

२०२०मध्ये 'तो पॉझिटिव्ह निघाला' हा प्रयोग सर्वतोमुखी झाला. 'नाणे खोटे निघाले', 'नोकर चोर निघाला' ह्या वाक्यांतील 'निघणे' हेच ते क्रियापद होय. दडलेले वैगुण्य उघडकीस आल्याची छटा त्यात आहे. बोलणाऱ्याचा तसा हेतू नसेलही. परंतु ऐकणाऱ्या रोग्यास आपण अपराधी ठरलो असे वाटणे अस्वाभाविक नाही. अशा मनःस्थितीत माणूस तपासणी टाळतो, लक्षणे लपवितो, आणि त्यामुळे साथीस हातभारच लागतो.

तथापि सारा भार शब्दांवर टाकणे युक्त होणार नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडत्या घेतल्या, रोग्यांना इस्पितळात व आप्तांना छावण्यांत नेले. लोकांनी रोगी लपविले. तेव्हाच्या भयाचे मूळ वाक्यरचनेत नव्हते, वर्तनात होते. जेथे रोग उघड करण्याची शिक्षा मिळते, तेथे सौम्य शब्द निरुपयोगी ठरतात.

यावरून भाषेचे कार्य मर्यादित, पण खरे आहे असे दिसते. घरी, वर्गात किंवा वसतिगृहात कोणी आजारी पडल्यास 'त्याला कोविड झाला आहे' असे म्हणणे आणि त्यास डबा व औषध पोचविणे ही दोन्ही एकाच आश्वासनाची अंगे होत. पहिल्याने रोग आणि माणूस वेगळे राहतात. दुसऱ्याने त्या वेगळेपणावर रोग्याचा विश्वास बसतो.