परवलीचा शब्द आणि ओळखीची पेढी

श्रोतेहो, मागें एका ग्रंथसंग्रहालयाच्या संकेतस्थळावर जात असतां माझा परवलीचा शब्द मला कांहीं केल्या आठवेना. 'शब्द विसरलां आहांत काय?' अशी पृच्छा करणारें एक बटण तेथें होतें. तें मीं दाबलें. दोनच मिनिटांत उत्तर आलें, आणि त्यांत माझाच जुना शब्द, मीं ठेविला होता तसाच, काना-मात्रेसह लिहिलेला होता! क्षणभर मला हायसें वाटलें. पण दुसऱ्याच क्षणीं अंगावर कांटा उभा राहिला. ज्या संस्थेला माझा शब्द मला परत पाठवितां येतो, तिच्या दप्तरांत तो उघडा, निदान केव्हांहि उघडा करतां येईल असा, ठेविलेला असला पाहिजे. आणि जो कारकुनाला वाचतां येतो तो चोरालाहि वाचतां येतो. शिवाय लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी कीं, तोच शब्द मीं माझ्या बँकेच्या खात्यालाहि ठेविला होता. तेव्हां चोरी ग्रंथालयांत झाली असती आणि घर माझें धुतलें गेलें असतें.

हा रोग नवा नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९६० नंतरच्या दशकांत एकच मोठा संगणक अनेक जण वाटून वापरीत. फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती व्यवस्था उभारली होती, आणि प्रत्येकाला परवलीचा शब्द दिलेला होता. एके दिवशीं घोटाळा असा झाला कीं, रोजच्या सूचनेचा कागद आणि सर्वांच्या शब्दांची यादी यांची आपसांत अदलाबदल झाली. जो जो यंत्रापुढें बसला त्याच्यापुढें सगळ्या मंडळींचे शब्द छापून आले! पुढें १९७९ सालीं रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनीं आपल्या लेखांत यावरील उपायाचें विवेचन केलें. शब्द जसाच्या तसा ठेवूं नये. तो गणिताच्या जात्यांतून दळून त्याचें पीठ तेवढें ठेवावें. पिठाचे पुन्हां गहूं होत नाहींत. सभासद पुन्हां आला म्हणजे त्यानें दिलेला शब्द दळावा आणि पिठाशीं पीठ ताडून पाहावें. दोघांनीं एकच शब्द निवडला तरी पीठ निराळें दिसावें म्हणून दळण्यापूर्वी त्यांत प्रत्येकासाठीं निरनिराळी चिमूट टाकावी. या चिमटीला शास्त्रांतहि 'मीठ' असेंच म्हणतात.

परंतु एवढें केलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. विसरलेला शब्द बदलून देणें, मोबाईलवर अंक पाठवून दुहेरी खात्री करणें, रात्रंदिवस दार ठोठावणाऱ्या तोतयांना थोपविणें, हीं सारीं कामें लहान संस्थेनें कोणाच्या जिवावर करावीं? म्हणून ओळख पटविण्याचें काम एखाद्या 'क्लाउड' सेवेकडे सोंपविण्याची रीत पडली. क्लाउड म्हणजे ढग. नांव काव्यमय असलें तरी वस्तु अशी कीं, दुसऱ्याच्या इमारतींतील संगणक आपण भाड्यानें वापरावयाचे. अ‍ॅमेझॉन कंपनीची 'कॉग्निटो' ही अशीच एक सेवा. सभासदांची नोंदवही तिच्याकडे ठेवण्याची सोय २०१६ सालीं झाली. त्याच सालीं कंपनीनें मुंबईस आपलें केंद्र उघडलें, आणि आज ही नोंदवही मुंबईंतील केंद्रांतहि ठेवतां येते. आपण तिला सोयीसाठीं 'ओळखीची पेढी' म्हणूं.

या पेढीकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यांत सभासदाचा मोबाईल किंवा ब्राउझर थेट पेढीशीं बोलतो. दुसऱ्यांत सभासद आपलें नांव व शब्द संस्थेच्या सर्व्हरला देतो आणि सर्व्हर त्याच्या वतीनें पेढीकडे जातो. ज्या संस्थेचीं पानें आधींपासून सर्व्हरवरच तयार होतात, तिला हा दुसरा मार्ग सोयीचा पडतो. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

आरंभ असा करावा. पेढींत नोंदवही उघडावी आणि आपल्या प्रणालीची तींत 'अ‍ॅप क्लायंट' म्हणून नोंद करावी. सर्व्हरनें शब्द आणून प्रवेश मागण्याची पद्धत आपोआप चालू नसते. ती मुद्दाम चालू करावी लागते. त्याच वेळीं एक गुप्त किल्ली मागून घ्यावी. मग प्रत्येक मागणीबरोबर त्या किल्लीनें घडविलेली एक मुद्रा पाठवावी लागते, आणि तिच्यावरून मागणी खऱ्या प्रणालीकडूनच आली हें पेढीला कळतें. याशिवाय सर्व्हरला स्वतःचा अधिकार लागतो. 'अ‍ॅडमिन इनिशिएट ऑथ' नांवाची ही मागणी वाटेवरच्या कोणालाहि करतां येत नाहीं. संस्थेच्या खात्यानें ज्याला तसा अधिकार दिला आहे त्यालाच ती करतां येते. हा अधिकार देतांना हात आंखडता ठेवावा. या एका नोंदवहींत प्रवेश मागणें आणि पेढीच्या प्रश्नाला उत्तर देणें, एवढ्या दोन कामांपलीकडे सर्व्हरला कांहींहि करतां येऊं नये.

पेढीचा प्रश्न तो कोणता? मागणी गेली म्हणजे पेढीचें उत्तर दोहोंपैकीं एका प्रकारचें येतें. शब्द चुकला तर नकार मिळतो हें उघडच आहे. पण शब्द बरोबर असला तरी दर वेळीं दार उघडतेंच असें नाहीं. कधीं टोकनें मिळतात, तर कधीं उलट प्रश्न येतो. दुहेरी खात्री ठरलेली असेल तर पेढी मोबाईलवरील अंक विचारते. संस्थेनें खातें उघडून तात्पुरता शब्द दिला असेल तर 'आधीं स्वतःचा नवा शब्द ठेवा' असें ती सांगते. प्रश्नाबरोबर एक खूणचिठ्ठी येते. निराळें ठरविलें नसल्यास तिची मुदत अवघीं ३ मिनिटें असते, आणि उत्तराबरोबर ती परत द्यावी लागते. नवशिके नेमके येथेंच ठेंचाळतात. ते स्वतःच्या खात्यानें परीक्षा घेतात, टोकनें लगेच मिळतात, आणि सर्वांना तशींच मिळतील असें ते गृहीत धरतात. मग उद्घाटनाच्या दिवशीं तात्पुरता शब्द घेऊन जुने सभासद येतात, पेढी प्रत्येकाला प्रश्न विचारते, आणि तो प्रश्न सभासदापुढें मांडणारें पानच कोणी तयार केलेलें नसतें!

आतां टोकनाविषयीं. हा शब्द आपल्या घरांत नवा नाहीं. पूर्वी बँकेंत चेक दिला कीं कारकून पितळेचा एक बिल्ला हातीं देई, आणि पुकारा झाला म्हणजे बिल्ला देऊन पैसे घ्यावयाचे. त्या बिल्ल्यावर नुसता आंकडा असे. तो कोणाचा, किती रुपयांचा, हें सारें बँकेच्या वहींत. पेढीचें टोकन याच्या उलट आहे. तें सही-शिक्क्याचें पत्रच समजावें. हा सभासद कोण, पत्र कोणी दिलें, कोणासाठीं दिलें, केव्हांपर्यंत चालेल, हें त्यांतच लिहिलेलें असतें, आणि पेढीनें जाहीर केलेल्या किल्लीनें तो शिक्का कोणालाहि पारखून घेतां येतो. सर्व्हरनें तो पारखलाच पाहिजे. शिवाय पत्र आपल्याच पेढीचें, आपल्याच प्रणालीसाठीं, योग्य कामाचें आणि मुदतींतलें आहे, हेंहि पाहिलें पाहिजे. अशीं पत्रें दोन मिळतात, आणि त्यांबरोबर तिसरें एक टोकन. एक ओळखीचें, दुसरें प्रवेशाचें, आणि तिसरें पहिलीं दोन्ही नवीं करून घेण्याचें. निराळें ठरविलें नाहीं तर पहिलीं दोन १ तास चालतात आणि तिसरें ३० दिवस.

या पत्रांत एक मेख आहे. सभासदाचा मोबाईल हरवला आणि त्यानें सर्व ठिकाणांहून आपलें येणें-जाणें बंद करविलें, तरी जो रखवालदार केवळ शिक्का पाहतो त्याला तें कळत नाहीं. तास भरेपर्यंत तो जुनें पत्र मान्य करीतच राहतो. म्हणून तर मुदत थोडी ठेवावयाची. आणि म्हणूनच सर्व्हरनें हीं पत्रें ब्राउझरच्या हवालीं न करितां स्वतःजवळ जपून ठेवावीं आणि ब्राउझरला तो जुना पितळी बिल्लाच द्यावा. म्हणजे ज्याचा अंदाज कोणाला बांधतां येणार नाहीं असा एक नुसता लांबलचक आंकडा. सर्व्हरनें आपल्या वहींतील ओळ खोडली कीं त्या बिल्ल्याचें नुसतें पितळ होतें.

काम पेढीकडे सोंपविलें म्हणून जबाबदारी सुटली असें मात्र कोणी समजूं नये. थेट मार्गांत अशी एक गणिती युक्ति वापरतां येते कीं, शब्द कोणालाहि न सांगतां तो आपल्याला ठाऊक असल्याचें सिद्ध करतां येतें. आपण पाहिलेल्या पद्धतींत तसें नाहीं; सभासदाचा शब्द क्षणभर कां होईना सर्व्हरच्या हातून जातो. सर्व्हर आपल्या हालचालींची रोजनिशी लिहीत असतो. त्या रोजनिशींत तो शब्द एकदां जरी उमटला तर पेढीचा सारा बंदोबस्त फुकट. मॅसॅच्युसेट्समधील त्या यादीची आवृत्ति आपल्याच घरीं निघाली म्हणावयाची. दुसरें असें कीं, सर्व मागण्या एकाच सर्व्हरकडून जात असल्यामुळें पेढीला त्याचाच पत्ता दिसतो. मागें उभा असलेला माणूस पुण्याचा कीं परमुलुखांतला हें तिला दिसत नाहीं. ती माहिती सर्व्हरनें मागणीबरोबर कळविली नाहीं, तर तोतया ओळखण्याचें पेढीचें कसब वायां जातें. आणि प्रवेश नाकारतांना 'नांव चुकलें' कीं 'शब्द चुकला' हें वेगवेगळें सांगूं नये. तसें सांगणें म्हणजे कोणतें नांव खरें आहे हें चोराला आपण होऊन सांगणें.

त्या ग्रंथसंग्रहालयाच्या चिटणीसांना मीं पत्र लिहिलें. त्यांनीं राग मानला नाहीं, आणि कांहीं महिन्यांनीं संस्थेनें आपली नोंदवही अशाच एका पेढीकडे सोंपविली. परवां मुद्दाम मीं तें जुनें बटण पुन्हां दाबून पाहिलें. या खेपेस माझा शब्द आला नाहीं. नवा शब्द ठेवण्यासाठीं एक सहा आंकडी खूण तेवढी आली. माझा शब्द आतां संस्थेच्या वहींत नाहीं, आणि तिच्या कारकुनालाहि तो वाचतां येत नाहीं.

श्रोतेहो, हीच परीक्षा आपणांसहि घरबसल्या करतां येईल. ज्या संस्थेच्या संकेतस्थळाचा फारसा भरंवसा वाटत नाहीं, तेथें शब्द विसरल्याचें कळवून पाहा. उत्तरांत आपलाच जुना शब्द परत आला, तर त्या संस्थेला पत्र अवश्य लिहा. पण त्याआधीं उठून बँकेच्या खात्याचा शब्द बदला.